इंग्रजीचा तास आणि वाचनाची शिदोरी



महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तरीही आठवीत पोहोचलेल्या कित्येक मुलांना गोष्टीचे एखादे साधे इंग्रजी पुस्तक स्वतःच्या बळावर वाचता येत नाही. धड्याखालील प्रश्नांची उत्तरे मुखोद्गत असतात. धडा मात्र परकाच राहतो.

या प्रश्नाचा मूलगामी विचार ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी केला. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात बंगालमधील विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या पदरी काय उरते, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. विमा मध्येच सोडला तरी काही रक्कम हाती येते; शिक्षणाचेही तसेच असावे, असे ते मानीत. अर्धवट व्याकरण लवकर विस्मरणात जाते. वाचनशक्ती मात्र जेवढी आली तेवढी उपयोगी पडते. म्हणून मर्यादित शब्दांत, तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतील अशी वाचनमाला त्यांनी सिद्ध केली. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची सूचीही प्रसिद्ध केली.

सहावी ते आठवीच्या वर्गांत साहित्याचे स्थान याच दृष्टीने ठरवावयास हवे. कवितेचा मराठी अर्थ फळ्यावर उतरवून दिला, की मुलाला कविता वाचण्याचे कारणच उरत नाही. त्याऐवजी शिक्षकाने ती प्रथम दोनदा मोठ्याने वाचावी, मुलांनी टाळीवर ताल धरावा, आणि अर्थाची चर्चा मागाहून, हवी तर मराठीतून, व्हावी. बिरबलाची किंवा पंचतंत्रातील परिचित गोष्ट सोप्या इंग्रजीत दिल्यास कथानक ठाऊक असल्याने लक्ष भाषेवर राहते आणि अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो. व्याकरणाचा नियम त्याच गोष्टीतील वाक्यांवरून उलगडावा.

परीक्षेतही न शिकविलेला एखादा छोटा उतारा असावा. पाठांतराने तेथे भागत नाही. समजून वाचणाऱ्यालाच तेथे न्याय मिळतो.

ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा एकही शब्द कानावर पडत नाही, त्याला शाळेचा तास हाच एकमेव आधार असतो. तो पुढे महाविद्यालयात जावो, शेतीत राबो वा कारखान्यात. औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा यंत्राची माहितीपुस्तिका त्याला स्वतः वाचता आली, तर त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.