गाडीची काच अडली तर

गाडीच्या खिडकीची काच बटणाने वर-खाली करण्याची सोय अमेरिकेतील पॅकार्ड गाडीत १९४० साली आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज ती साध्या गाडीतही असते. आणि ऐन पावसात काच अर्ध्यावर अडली, की मालक दारातील मोटर जळाली असे समजून नवीचे पैसे मोजतो. वस्तुतः दोष पुष्कळदा निराळ्याच ठिकाणी असतो.

सर्वच काचा अडल्या, तर प्रथम फ्यूज पाहावा. एकच अडली, तर बटण दाबून दाराला कान लावावा. मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही, तर बहुधा काच उचलणारी तार तुटलेली असते. आवाजच नसेल, तर बटण तपासावे; नंतर दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळीतल्या वायरी पाहाव्यात, कारण दाराच्या नित्य उघडझापीने त्या तेथे तुटतात. काच रखडत चढत असेल, तर रबरी खाचेतील धूळ पुसून सिलिकोनचा फवारा द्यावा. साधे तेल घालू नये, त्याला धूळ चिकटते.

दाराचे आवरण काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी व काच चिकटपट्टीने वरच्या चौकटीला घट्ट बांधावी. कात्रीसारख्या उचलणीची स्प्रिंग ताणलेली असते. ती निसटली तर बोट जायबंदी होते. तेथे, किंवा दारात एअरबॅगच्या वायरी दिसल्यास, काम कारागिराकडे सोपवावे. कारण आधी शोधले, तर दुरुस्ती स्वस्त पडते. आणि कोठे थांबावे हे ज्याला कळते, त्याची बोटेही शाबूत राहतात.