अक्रोडाची साल, मायफळ आणि न टिकणारा जांभळा

विषय डोळ्यांचा आहे आणि भेट कानांची, त्यामुळे आज रंगांची वर्णनं जरा जास्त येतील, सांभाळून घ्या. जे वाचतायत त्यांच्यासाठी: बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत.

टोरांटोमध्ये जेसन लोगन नावाचा एक चित्रकार आहे. २०१४ मध्ये त्याने 'टोरांटो इंक कंपनी' सुरू केली. कंपनी म्हटल्यावर कारखाना डोळ्यांसमोर आणू नका. शेगडी, जुनी पातेली, गाळणी, बाटल्या, एवढंच. कच्चा माल शहरातलाच: रस्त्याकडेची रानफळं, गंजलेले खिळे, तांब्याचे तुकडे, ओकच्या फळांच्या टोप्या. यातून तो शाई करतो, तिने कागदावर खेळतो आणि इतर कलाकारांनाही पाठवतो. २०१८ मध्ये त्याचं 'मेक इंक' हे पुस्तक आलं, २०२२ मध्ये त्याच्यावर 'द कलर ऑफ इंक' हा माहितीपट आला. वेळ मिळाला तर बघाच, पण शक्यतो मोबाइलवर नको. शाई कागदात पसरतानाचे जे क्लोजअप आहेत, ते सहा इंचात वाया जातात.

तिकडे गोळा करायचा खरा हंगाम शरदाचा. एकदा बर्फ पडला की सगळंच झाकलं जातं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिशवी घेऊन फिरायचं. लोगनच्या नादाची सुरुवात झाली काळ्या अक्रोडापासून. आपण खातो तो काश्मिरी अक्रोड याचा भाऊबंद. झाडावरून टेनिसच्या चेंडूएवढी हिरवी फळं धपाधप पडतात. आतल्या अक्रोडाशी आपल्याला काम नाही, तो खारींना ठेवायचा. काम आहे बाहेरच्या हिरव्या सालीशी. ती जमिनीवर पडून काळी पडायला लागते. ही साल पाण्यात काही तास मंद आचेवर उकळायची, फडक्यातून गाळायची, थोडा डिंक घालायचा म्हणजे शाई कागदाला धरते, आणि बुरशी लागू नये म्हणून बाटलीत एक लवंग टाकायची. रंग येतो गडद तपकिरी, कोऱ्या चहात आणखी चहा घातल्यासारखा. हातमोजे घातले नाहीत तर बोटं आठवडाभर तशीच राहतात.

एक आगाऊ सूचना. ऑनलाइन 'वॉलनट इंक' म्हणून जे दाणे मिळतात, त्यात बहुतेकदा अक्रोड नसतोच. ते दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून म्हणजे पीटपासून करतात. रंग छानच असतो, नाव फक्त उसनं.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ओकच्या झाडावर एक इवलीशी माशी, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, अंडी घालते. झाड तिथे फुगून एक टणक गाठ तयार करतं. त्या गाठीत टॅनिन ठासून भरलेलं असतं. गाठ कुटायची, पाण्यात भिजवायची, त्यात लोहाचा क्षार घालायचा, की झाली 'आयर्न गॉल' शाई. युरोपात शेकडो वर्षं लोक हिनेच लिहीत होते. बाखचं संगीत या शाईत आहे.

आणि ती गाठ म्हणजे काय? मायफळ. होय, बाळगुटीतलं मायफळ! सहाणेवर उगाळून आपल्याला लहानपणी चाटवलं ते फळ नव्हतंच, ती माशीने केलेली गाठ होती. मला हे कळलं तेव्हा मी आधी आईला फोन केला. ती म्हणाली, "मग? पोट दुखायचं थांबलं ना?"

मी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. मायफळ मागितल्यावर काकांनी विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, बाळ नाही, शाई करायचीय, हिराकसही द्या. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खडे. काकांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि दोन्ही पुड्या बांधून दिल्या. हिराकस पोटात जायची वस्तू नाही, त्यामुळे त्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. 'नैसर्गिक' शब्द ऐकला की लोक सगळं चाटून बघण्याइतकं निर्धोक समजतात, त्याचा मला राग येतो. लोगनच्या पुस्तकात पोकबेरी नावाच्या फळाची शाई आहे. रंग अप्रतिम गुलाबी-जांभळा, आणि झाड विषारी.

तर शाई. बोरूने पहिली रेघ ओढली ती फिकी, राखाडी, पाणी घातल्यासारखी. मग ती कागदावर काळी होत गेली. माझ्यासमोर, मिनिटभरात. शाईतलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि रंग कागदात गेल्यावर पूर्ण होतो. माझ्या रोजच्या कामात रंग म्हणजे एक हॅश आणि पुढे सहा अक्षरं. तो आज जो आहे तोच दहा वर्षांनी. इथे रेघ ओढून हात उचलल्यावरही काहीतरी चालूच होतं.

गोची अशी, की ते पुढेही चालूच राहतं. आयर्न गॉलमध्ये आम्ल आणि लोह जास्त झालं तर शाई कागद खाते. बाखच्या हस्तलिखितांचं तेच झालं. बर्लिनच्या ग्रंथालयात काही पानं जाडीतून उभी सोलून, दोन थरांच्या मध्ये नवा पातळ कागद घालून वाचवावी लागली. उलट व्हॅन गॉगचं बघा. १८८८ मध्ये आर्लला तो तिथल्याच वेताचे बोरू तासून चित्रं काढत होता. त्यातल्या अनेक चित्रांची शाई आता तपकिरी झालीय. आपण ते बघतो आणि म्हणतो, वा, काय ऊबदार तपकिरी छटा! त्याने ती काळी काढली होती.

पोकबेरीचा जांभळा तर याहून नाजूक. उन्हात ठेवला की उडतो. द्राक्षं, जांभूळ, जास्वंद यांचे रंगही तसेच नाजूक. चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल-जांभळ्याचे निळे-हिरवे होतात. इन्स्टावर हा रील फार चालतो. तो कागद सहा महिन्यांनी कसा दिसतो, याचा रील मी अजून पाहिला नाही.

हे सगळं शोभेचं बोलणं नाहीये. माझी एक मैत्रीण चित्रं काढून विकते, त्यावर तिचं घरभाडं निघतं. तिला एका बारशासाठी ऑर्डर आली: बाळाचं नाव आणि भोवती फुलं, सगळं नैसर्गिक शाईत. तिने जास्वंदीची शाई केली होती, आणि सुंदर झाली होती. तिने विचारलं, हे पैसे घेऊन द्यावं का? काही वर्षांनी भिंतीवर नुसते डाग उरले तर? माझं मत स्पष्ट होतं: न सांगता देणं म्हणजे फसवणूक, आणि सांगून देणं हा वेगळा व्यवहार. तिने शेवटी नाव मायफळाच्या शाईत लिहिलं, फुलं जास्वंदीत काढली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की ऊन लागेल तिथे लावू नका, तरीही फुलं हळूहळू विटणार, नाव राहील. बाळाच्या बाबांनी विचारलं, "मग पैसे कमी होतील का?" झाले नाहीत. त्यांनी चित्र घेतलं. बाळाच्या आजीला म्हणे ती फुलं विटण्याची कल्पनाच सगळ्यात आवडली.

आता तुम्हाला करून बघायचं असेल तर. हिरड्याची शाई आपल्याकडे जुनी, हिरडा आणि हिराकस. पण जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरात जाऊन हिरडा गोळा करू नका. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात तो असतो. दुकानातून विकत घ्या, पावशेर पुष्कळ होतो. फुकटच हवं असेल तर देशी बदाम आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल पानं टाकणारा. तो हिरड्याच्याच कुळातला, त्याच्या पानांतही टॅनिन भरपूर. खाली पडलेली पानं घ्या, झाड ओरबाडू नका.

आणि प्रत्येक शाईची एक पट्टी काढा. त्यावर झाड, जागा, तारीख लिहा. पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकून ती खिडकीत उन्हाला लावा. महिन्याने कागद काढून दोन्ही भाग शेजारी बघा, मगच त्या शाईने कुणासाठी काही काढा. माझ्या खिडकीत सध्या सात पट्ट्या आहेत. जास्वंदीची उघडी बाजू नवव्या दिवशीच चहासारखी दिसायला लागलीय.