चौक कोणाचा?



कविता वाच म्हणून बोलावलंत. पण आज कविता नाही, एका चौकाबद्दल बोलतो. मेक्सिको सिटीतला सोकालो. एका अंगाला सरकारी राजवाडा, दुसऱ्या अंगाला कॅथीड्रल, मधे उघडं मैदान. बघणारे वर बघतात. आपण खाली बघू.

१३ ऑगस्ट १५२१ ला कोर्तेसच्या फौजेनं अझ्टेकांचं तेनोच्तित्लान पाडलं. देवळांचे दगड उपसून त्याच जागी नवं शहर उभं केलं. कुणी? हरलेल्यांनीच. मोतोलिनीआ हा स्पॅनिश पाद्री, म्हणजे त्यांचाच माणूस, लिहून गेलाय: या लोकांवर जी दहा अरिष्टं कोसळली त्यातलं सातवं म्हणजे हे बांधकाम. दगड-लाकूड त्यांनीच आणायचं, गवंड्याची मजुरी त्यांनीच द्यायची, भाकर घरून आणली नाही तर उपाशी राबायचं. वेठबिगार दुसरी काय असते? आणि मधलं शहर स्पॅनिशांचं. ‘इंडियन’ वस्त्या हद्दीबाहेर. गावकूस नव्हतं, पण कुसाबाहेरचा माणूस होताच.

१५७३ साली राजा दुसरा फेलिपे यानं नियमच काढले. नवं गाव बसवताना चौक कसा हवा? लांबी रुंदीच्या निदान दीडपट. कमीत कमी २०० फूट रुंद, ३०० फूट लांब. समुद्रकाठचं गाव असेल तर चौक धक्क्यापाशी. मी गोदीत पोती वाहतो, मला हे लगेच उमगलं. माल जिथं उतरतो, सत्ता तिथंच खुर्ची टाकते. पुढं लिहिलंय: गाव बांधून होईस्तोवर तिथल्या लोकांशी संबंध नको. नंतर घरं बघून त्यांनी थक्क व्हावं, आपल्याला भ्यावं. याला म्हणे नगररचना!

१६९२ त मक्याची टंचाई पडली. ८ जूनला उपाशी माणसं चौकात घुसली, व्हाइसरॉयचा वाडा पेटवला. उत्तर मिळालं फाशीचं. वर हुकूम: इंडियनांनी मधल्या शहरात राहायचं नाही.

१७९० त चौक खणताना कोआत्लिक्वे देवीची मूर्ती वर आली. विद्यापीठात नेली. लोक पूजेला येऊ लागले तशी परत पुरली. १९७८ त चौकाजवळ खणणाऱ्या वीज कामगारांना कोयोल्शाउकीची शिळा लागली. मग तिथलं अख्खं देऊळ उकरलं.

आता कुणी म्हणेल, मग खालचं देऊळ आपलं. थांबा. त्या पायऱ्यांवर माणसांचे बळी दिले जात. अझ्टेकांच्या जाचाला विटलेले त्लाश्कालाचे हजारो लोक कोर्तेसच्या बाजूनं लढले, ते उगीच नाही. आणि त्यांनाही शेवटी नवा मालकच मिळाला. सुवर्णकाळाची भानगड आपण इथंही ऐकतो. विचारा, त्या सोन्याचं ओझं कुणाच्या पाठीवर होतं?

११ मार्च २००१ ला चिआपासच्या डोंगरातले झपातिस्ता या चौकात आले. तोंडं झाकलेली. देऊळ नाही मागितलं, राजवाडा नाही मागितला. म्हणाले, आमचे हक्क संविधानात लिहा. संसदेनं कायदा केला तो पातळ करून. त्यांनी तो नाकारला.

मैदान तेच. पण त्या दिवशी, ज्यांना घाबरवायला असले चौक आखले, तेच लोक मधोमध उभे राहून बोलत होते. चौक असा ताब्यात घ्यायचा असतो.

जय भीम!