उशीखालची पुडी

(बुद्ध जयंतीनिमित्त बारामती येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा अडचणीचा आहे. दारूविरुद्ध बोलले की आपल्या सभेत टाळ्या पडतात, कारण दारू वाईट हे पिणाराही मान्य करतो. तंबाखूचे नाव काढले की निम्मी सभा खाली बघते, आणि मिश्रीचे नाव काढले की आयाबाया पदर तोंडाला लावून हसतात. तरीही आम्ही आज त्याच विषयावर बोलणार आहोत. त्यातही विडी-सिगारेटवर नाही. दवाखान्याच्या खाटेवर पडलेला, आजाराने खंगलेला माणूस जो तंबाखू गालात धरतो, जी मिश्री हिरड्यांना लावतो, जो मावा चघळतो, त्याबद्दल बोलायचे आहे.

दरवर्षी 14 एप्रिलला आपण रुग्णांना फळे वाटतो. केळी, बिस्किटाचा पुडा, हात जोडून जयभीम, आणि पुढची खाट. पण पुडा ठेवायला उशी जरा सरकवली की खाली काय दिसते? तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. बायकांच्या वॉर्डात खिडकीच्या कट्ट्यावर मिश्रीची डबी असते, घरच्या मीठ-मसाल्याच्या डबीइतकी उघडपणे ठेवलेली. भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी असते आणि ती पाळली जाते, कारण धूर दिसतो, वास येतो, सिस्टर ओरडतात. गालातला बार कोणाला दिसत नाही.

केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, “विडी-सिगारेट ओढता का?” उत्तर येते, “नाही.” “काही व्यसन?” “नाही, डॉक्टरसाहेब.” बारामती-इंदापूरच्या मळ्यांत खुरपायला जाणाऱ्या आमच्या मावशीने दिलेले हे उत्तर खोटे नसते. तिच्या हिशेबी मिश्री हे व्यसन नाहीच, ते दात घासणे आहे. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावायचा. मग दुपारी भाकरीनंतर एकदा आणि झोपताना एकदा. दिवसातून तीन वेळा दात घासणारी बाई जगात दुसरीकडे सापडणार नाही! तिने लपवलेले काही नाही. प्रश्नच तिच्या भाषेत विचारला गेला नाही.

ही चूक किती मोठी आहे, ते आकड्यांवरून कळेल. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक धूम्रपान करत होते, तर बिनधुराचा तंबाखू 24.4 टक्के लोक वापरत होते. स्त्रियांमध्ये तर धूम्रपान 1.4 टक्के आणि बिनधुराचा तंबाखू 16.6 टक्के. म्हणजे जो दवाखाना फक्त ‘ओढता का’ एवढेच विचारतो, त्याच्या नजरेतून तंबाखू वापरणारे बहुतेक सगळे सुटतात. परदेशात डॉक्टर सिगारेटला पर्याय म्हणून निघालेल्या नव्या वस्तूंची, विजेवर चालणाऱ्या ई-सिगारेटची चिंता करतात. आपल्याकडे 2019 साली कायद्याने तिच्यावर बंदी आली. आमच्या भागातला ‘पर्याय’ मात्र सिगारेटहून जुना आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेली पाहणी 1972 साली प्रसिद्ध झाली. इतकी वर्षे ही गोष्ट शास्त्राला माहीत आहे. वॉर्डापर्यंत ती पुरती पोचली नाही.

जुना म्हणजे किती जुना, हेही एकदा स्पष्ट करू, कारण ‘आपल्या वाडवडिलांपासून चालत आले आहे’ असे सांगणारे भेटतात. तंबाखू अमेरिकेतला. तो पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला. असद बेग नावाच्या सरदाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून नेऊन तो अकबर बादशहाला नवलाची वस्तू म्हणून दाखवला. भगवान बुद्धांच्या काळी या देशात तंबाखूचे एक पानही नव्हते.

आता आजारी शरीरात हा तंबाखू काय करतो ते पाहू. चुना उगीच लावत नाहीत. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरते. त्याने नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या आखडतात. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. पण ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, किंवा साखरेच्या आजाराने ज्याच्या पायाची जखम भरत नाही, त्याचे काय? जखमेला रक्त हवे असते आणि हा घरचा पाहुणा रक्ताची वाट अरुंद करतो. गरोदर बाईचीही तीच गत. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायका बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या, आणि त्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली.

सुपारी, मावा, गुटखा चघळणाऱ्या तरुणांची आणखी एक गोष्ट आहे. गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. एमआयडीसीत रात्रपाळी करणारी कितीतरी मुले तोंडात दोन बोटे जात नाहीत म्हणून तिखट सोडून देतात, पण पुडी सोडत नाहीत. अशा मुलाला अपघात होऊन अत्यवस्थ स्थितीत आणले, तर श्वासाची नळी घालायला डॉक्टरांना त्याचे तोंड उघडावे लागते. ते उघडत नाही. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. ऑपरेशनला नेण्याआधी उपाशी ठेवलेला रुग्ण ‘पोटात थोडेच जाते’ म्हणून चिमूट गालात धरून जातो, तोही असाच धोका. भूल दिल्यावर ती चिमूट श्वासनलिकेत उतरू शकते.

पण आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाबद्दल. चाळीस वर्षे तंबाखू खाल्लेले तात्या दवाखान्यात आले. पहिला दिवस धावपळीत गेला. दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, हात थरथरतो, सलाईन ओढून काढतात, लेकीला शिव्या देतात. घरचे म्हणतात, आजार डोक्यात गेला. डॉक्टरांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून तेही दुसरीच कारणे शोधतात. शेवटी थोरला मुलगा हळूच एक बार मळून देतो आणि पाच मिनिटांत तात्या शांत. झाले! सगळ्या नातलगांच्या मनात तंबाखू हे औषध ठरले. अहो, तो आजार तंबाखूनेच लावलेला होता. निकोटिन तुटले की त्रास दोन-तीन दिवस जोर करतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो. या त्रासावर इलाज आहे. निकोटिनचे चघळायचे गम मिळतात. ते सावकाश चावून गालात धरून ठेवायचे असतात, चॉकलेटसारखे चावून गिळायचे नसतात. तोंडात जखमा असतील किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पण डॉक्टरांनी हा इलाज करावा तर त्यांना आधी खरे कळले पाहिजे.

पुडी आणून देणारा मुलगा दुष्ट नसतो. तो प्रेमापोटी आणतो. ‘माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळ्या कारखान्यांच्या उसात यांनी घाम गाळला, आता एवढे तरी सुख मिळू दे,’ असे म्हणतो. त्या प्रेमाला आम्ही हसणार नाही. ज्याच्या दुखण्यावर इलाज उरलेला नाही, अशा माणसाला व्यसनमुक्तीचे व्याख्यान ऐकवणे हा धम्म नव्हे. त्याची तगमग कशी कमी होईल हे डॉक्टरांना विचारावे आणि त्याच्यापाशी बसावे. पण जो बरा होऊन घरी जाणार आहे, त्याला पुडी देणे म्हणजे पुन्हा याच खाटेची सोय करणे होय.

काही बंधू विचारतात, पाचव्या शीलात सुरा-मेरय आहे, बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, तंबाखू कुठे आहे? एक विद्वान तर आम्हाला म्हणाले की विनयात भिक्खूला धूर ओढायची परवानगी आहे. आहे खरी! पिलिंदवच्छ स्थविरांचे डोके दुखत होते. तेल लावून, नाकात औषध घालून गुण येईना, तेव्हा औषधी धूर घेण्याची अनुज्ञा मिळाली. ती आजाऱ्याला, औषधाची, आणि तंबाखू या देशात येण्याच्या दोन हजार वर्षे आधीची. पण हा वाद घालत बसण्यापेक्षा त्याच महावग्गात थोडे पुढे जावे. तिथे अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः भगवंतांनी आणि आनंदांनी धुऊन काढल्याची हकीकत आहे. त्यानंतर शुश्रूषा करायला कठीण रुग्ण कोणता हे सांगितले आहे. जो अपथ्य करतो, औषध घेत नाही, आणि सेवा करणाऱ्याला आपली खरी स्थिती सांगत नाही, तो. चांगला शुश्रूषक कोणता, तर जो पथ्य-अपथ्य ओळखतो आणि थुंकी, ओकारी काढताना किळस करत नाही. आमच्या विषयाला यापेक्षा जवळचे काय हवे?

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. साधा तंबाखू आणि मिश्री त्या बंदीबाहेर राहिली. 2003 च्या कायद्याने शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, पण दवाखान्याच्या फाटकाचा त्या कलमात उल्लेख नाही. म्हणून टपरी कुठे असते ते आपण जाणताच.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती अशी. पुढच्या वेळी फळे वाटायला याल तेव्हा खाटेपाशी दोन मिनिटे थांबा. ‘व्यसन आहे का’ असे विचारू नका. ‘आजी, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? तात्या, शेवटचा बार कधी भरला?’ असे विचारा. आवाज खाली ठेवा, सुनेसमोर आजीला लाजवू नका. आणि त्यांना सांगा, हेच उत्तर उद्या सकाळी राऊंडला येणाऱ्या डॉक्टरांना द्या. म्हणाल तर आम्ही सिस्टरांच्या कानावर घालतो. सोडायची इच्छा दिसली तर 1800-11-2356 हा सरकारचा मोफत फोन आहे. तंबाखूच्या पुडीवरच तो छापलेला असतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो पुडीवरून वाचून दाखवा आणि तिथेच फोन लावून द्या.