सात तारखेचा पगार



मागच्या हंगामात पंचगंगेकाठच्या एका वीटभट्टीवर गेले होते. तिथल्या आदिवासी जोडप्यांची मजुरी उचलीत अडकली होती. मी मालकाला म्हणाले, "मजुरीचं रजिस्टर दाखवा." त्याने चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "दाखवतो मॅडम. पण तुमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार किती तारखेला होतो?" मावशींचा भाऊ त्याच्याच भट्टीवर कामाला. मी चहा अर्धाच घेतला.

मावशींचे तेव्हा दोन महिन्यांचे पैसे थकले होते.

आपल्या देणग्या येतात नाताळाला आणि मार्चअखेरीला. किराणावाला थांबत नाही, विजेचं बिल थांबत नाही. थांबतात त्या मावशी, कारण त्या 'आपल्या' आहेत. याला आम्ही सेवा म्हणायचो आणि पगाराला मानधन. शिवाय पाकीट हातात देण्याआधीच त्यातून दशांश कापून घ्यायचो. ही पद्धत मीच चालू ठेवली होती, दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाही.

शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात वेठबिगारी बंद केली, हे मी वाड्यावस्त्यांवर अभिमानाने सांगत फिरते.

वेतन वेळेवर देण्याचा कायदा १९३६ पासून आहे. त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत पुरा करायचा. रोजंदारीवाल्याला त्याच दिवशी, पाळी संपताना. उचल असो वा आणखी काही, सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नयेत. आणि कशाकशाची कपात चालते याची जी यादी आहे, तिच्यात दशांश नाही.

आमच्या कमिटीत एकजण म्हणाले, "आपण काय कारखाना आहोत?" भट्टीवालाही हेच म्हणतो! द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण किती उपदेश ऐकलेत. सगळे धन्याच्या उदारपणावर. पण संध्याकाळ होताच त्याने कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटायला लावली, इकडे कोणी बघत नाही. अनुवादाच्या २४ व्या अध्यायातही गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितलंय. पाळी संपताना म्हणजे दुसरं काय?

आम्ही थकबाकी दिली. त्यासाठी वसतिगृहाची रंगरंगोटी राहिली. भिंती पाहिल्यात तर कळेल. आता पगार बँकेत जमा होतो, हातात पावती मिळते, हजेरी आणि पगाराचं रजिस्टर कोणीही येऊन पाहावं. मावशी आता दशांश देतात की नाही, मला ठाऊक नाही. ते विचारायचं काम माझं नव्हे.

पुन्हा त्या भट्टीवर गेले, तेव्हा आमचं रजिस्टर पिशवीत घेऊन गेले. त्याने त्याचं बाहेर काढलं. उचलीचे आकडे अजून जुळायचे आहेत. भांडण चालू आहे.

एकच अडचण उरली. आमच्या पगारनिधीत आज एका महिन्यापुरतेच पैसे आहेत. किमान तीन महिन्यांचे हवेत. म्हणून विनंती आहे, नाताळाला एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा थोडं द्या आणि त्यावर 'पगारासाठी' असं लिहा. पगारासाठी द्यायला लोकांना आवडत नाही. खोलीवर पाटी लागते, पगारावर लागत नाही. फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत. पैसे १ तारखेच्या सुमारास आले तर बरं.