कॉनकॉर्डची गावसभा

मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉनकॉर्ड या गावी जो प्रवासी जातो, त्याची भ्रमंती बहुधा ठरलेली असते. १९ एप्रिल १७७५ रोजी वसाहतवाल्यांनी ब्रिटिश सैन्यावर गोळ्या झाडल्या तो नॉर्थ ब्रिज (आजचा पूल अर्थातच मागाहून बांधलेला), एमर्सनचे घर, वॉल्डनचे तळे. आपली मंडळी आणखी एक जागा शोधतात. कर भरण्याचे नाकारून थोरोने जुलै १८४६ मध्ये ज्या तुरुंगात एक रात्र काढली, ती. त्या रात्रीतून जन्मलेल्या निबंधाचा परिचय गांधीजींनी १९०७ साली ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांना करून दिला होता, तेव्हा आपले हे कुतूहल स्वाभाविकच आहे. तथापि या स्थळी गावाचे पूर्वज भेटतात. आजचे गाव भेटते ते गावसभेत.

१६३५ साली वसलेल्या या गावाची वस्ती सुमारे १८ हजार. त्याला महापौर नाही. पाच निर्वाचित सदस्यांचे मंडळ कारभारावर देखरेख ठेवते, पगारी व्यवस्थापक तो चालवितो. परंतु अंदाजपत्रक आणि गावाचे नियम मंजूर करावयाचे ते गावसभेने. मतदारयादीत नाव असलेल्या कोणाही रहिवाशाने तेथे यावे, बोलावे आणि स्वतः मत द्यावे. प्रतिनिधी मध्ये नाही.

ही सभा कशी चालते, याचे एक उदाहरण मला फार उद्बोधक वाटते. पिण्याच्या पाण्याच्या लहान प्लास्टिक बाटल्या गावात विकू नयेत, असा आग्रह ऐंशी उलटलेल्या एका बाईंनी धरला. २०१० मध्ये सभेने तो मान्य केला, पण राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीत तो टिकला नाही. २०११ मध्ये नव्या मसुद्यासह तो पुन्हा आला आणि अवघ्या ७ मतांनी पडला. २०१२ मध्ये ४०३ विरुद्ध ३६४ मतांनी संमत झाला व १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. त्याच वर्षी तो रद्द करण्याचा प्रस्तावही आला आणि फेटाळला गेला. या नियमाच्या शहाणपणाविषयी मला शंका आहे. साध्या पाण्याची बाटली वर्ज्य आणि साखरेच्या पेयाची खुशाल विकावी, हे तर्कशास्त्र अजब खरे! पण हरलेला पक्ष पुढच्या वर्षी त्याच सभेपुढे येतो, मंत्र्याच्या दारी जात नाही, ही गोष्ट आपणांस लहान वाटू नये.

गाव सधन आहे, हेही सांगितले पाहिजे. १८ हजारांच्या गावात त्या दिवशी मते पडली ७६७. ज्याच्या घरी तान्हे मूल आहे, ज्याची रात्रपाळी आहे, त्याचा आवाज तेथे कसा पोहोचावा? आपल्या ग्रामसभेला १९९३ पासून घटनेचे अधिष्ठान लाभले, तरी गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभांची इतिवृत्ते मी पुष्कळ वाचली आहेत. माणसे जमविणे तेथेही सोपे नाही, येथेही नाही.

फरक मला जाणवला तो अधिकाऱ्याच्या जागेत. आमच्याकडे साहेब व्यासपीठावर मध्यभागी बसतात. तेथील अधिकारी शेजारच्या गावी राहत असेल, तर त्याला सभेत मतच नसते. कोणी विचारील त्या खर्चाचा खुलासा करावा आणि मते मोजली जाईपर्यंत मुकाट बसावे, इतकेच त्याच्या हाती. मला, एका सरकारी नोकराला, त्या खुर्चीवर एकवार बसून पाहावेसे वाटले.