सॅन फ्रान्सिस्कोचे सात विश्वस्त



शिक्षणसंस्थांच्या कारभारावर बोलायचं तर आपल्याकडची उदाहरणं सोडून कॅलिफोर्नियात कशाला जायचं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझं कारण साधं आहे. आपल्याकडे संस्थेतला वाद बहुधा चार भिंतींत राहतो आणि बाहेर येतो तो कुजबुजीच्या रूपात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमध्ये जे घडलं ते जाहीर सभांत, सरकारी अहवालांत आणि न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. कोण कुठे चुकलं हे तिथे तारखेनिशी पाहता येतं.

जुलै २०१३ मध्ये या कॉलेजच्या सात विश्वस्तांचे अधिकार राज्याने काढून घेतले. सातही जण शहरातल्या मतदारांनी निवडून दिलेले होते. त्यांचे सगळे अधिकार राज्याने नेमलेल्या एका माणसाकडे गेले. हे का घडलं, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विश्वस्ताने संस्था चालवायची नसते. संस्था चालवणाऱ्याला त्याने वेळेवर आणि सर्वांसमक्ष प्रश्न विचारायचे असतात. ते विचारले गेले नाहीत की बाहेरचा कोणीतरी येऊन विचारतो, आणि त्याची किंमत वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. बारावीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण देणारी ही सार्वजनिक कॉलेजं. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने त्यांची वाट मोकळी झाली. आज त्या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेशाला गुणवत्ता यादी नाही. प्रौढ माणसाने यावं आणि शिकावं. कोणी इथे दोन वर्षं काढून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो, कोणी नर्सिंग शिकतो, कोणी विमानदुरुस्ती. सिटी कॉलेज १९३५ सालचं. त्याच्या चायनाटाउन आणि मिशन भागातल्या केंद्रांत दिवसभर हॉटेलात किंवा घरकामावर राबून आलेली माणसं संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला बसतात, आणि त्या वर्गांना फी नाही. २०१२ च्या सुमारास तिथे ८५ हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये ज्या माणसांसाठी रयत शिक्षण संस्था काढली, त्यांचेच भाईबंद ते, असं मला वाटतं. म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

आता विश्वस्त मंडळ. आपल्याकडे खासगी संस्थेचे विश्वस्त संस्थेच्या सभासदांतून येतात, आणि ते बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जातो. गावाचा त्यात हात नसतो. तिथे विश्वस्त थेट मतदार निवडतात, नगरसेवक निवडावा तसे, चार वर्षांसाठी. विद्यार्थ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधीही मंडळावर बसतो. त्याचं मत सल्ल्यापुरतं असतं, पण ते नोंदलं जातं. अंदाजपत्रक मंजूर करणं, प्रमुखाची नेमणूक करणं आणि धोरण ठरवणं ही मंडळाची कामं. अभ्यासक्रम, गुणपद्धती, पदवीच्या अटी अशा शैक्षणिक बाबींत मात्र मंडळाने प्राध्यापकांच्या निवडलेल्या परिषदेशी विचारविनिमय केलाच पाहिजे, असं १९८८ च्या सुधारणा कायद्यापासून बंधन आहे.

या सगळ्याच्या मुळाशी १९५३ चा एक कायदा आहे. त्याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तो आपल्याकडे असता तर किती गोष्टी बदलल्या असत्या असं मला नेहमी वाटतं. राल्फ ब्राउन नावाच्या आमदारामुळे तो ब्राउन कायदा म्हणून ओळखला जातो. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची. जो विषय तिच्यावर नाही, त्यावर एरवी निर्णय घ्यायचा नाही. आपल्या प्रत्येक विषयपत्रिकेच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ असते आणि संस्थेतले अवघड निर्णय कितीदा तरी त्या ओळीतून आत येतात, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. तिथे अगदी थोडे, कायद्यातच सांगितलेले अपवाद सोडले तर ते दार बंद आहे. सभेला कोणीही यावं, माईकसमोर उभं राहून ठरलेली काही मिनिटं बोलावं. नेमणुका, वेतनाच्या वाटाघाटी, न्यायालयातले दावे अशा कायद्याने ठरवलेल्या मोजक्या बाबींपुरतं मंडळ आत जाऊन बसू शकतं.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद फार बारीक विचाराने केलेली आहे. सात विश्वस्तांपैकी चौघांनी मंडळाच्या कामाविषयी सभेबाहेर बसून बोलायचं नाही, हे तर आलंच. पण एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, आणि अशा साखळीने बहुमत जुळवून सभेत यायचं, हेसुद्धा बेकायदा आहे. चर्चा लोकांसमोरच झाली पाहिजे. आपल्याकडे सभेआधी अध्यक्षांच्या घरी सगळं ठरतं आणि सभेत सूचक, अनुमोदक आणि ‘एकमताने मंजूर’ एवढंच उरतं. त्या एकमताने संस्थेचं किती नुकसान केलं आहे, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

पैशाबाबतही नियम आहे. कॉलेजच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी आर्थिक स्थितीचा तपशील मंडळापुढे ठेवायचा, मंडळाने तो सभेत तपासायचा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करायची.

म्हणजे कायदा होता, निवडणूक होती, जाहीर सभा होत्या. मग बिघडलं कुठे?

२००८ नंतर अमेरिकेत मंदी आली आणि कॅलिफोर्नियाने कम्युनिटी कॉलेजांच्या अनुदानाला कात्री लावली. बऱ्याच कॉलेजांनी वर्ग कमी केले, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घरी पाठवले. सिटी कॉलेजने तसं फारसं केलं नाही. जितके वर्ग चालू ठेवता येतील तितके ठेवायचे, असा तिथला कल होता. त्यामागची माया खरी होती, आणि त्या माणसांना मी दोष देणार नाही. मंदीत नोकरी गेलेला माणूस शिकायला येतो, त्याला दार बंद करायचं कसं? पण पैसा आटत होता. खर्चाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वेतन आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सवलतींसह इतर भत्त्यांत जात होता, राखीव निधी तळाला गेला होता, आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यासाठी प्रशासनात माणसं अपुरी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक तपासणी पथकाने कॉलेज दिवाळखोरीच्या दिशेने चाललं असल्याचं लिहून दिलं.

हे एका रात्रीत घडत नाही. दर तिमाहीला आकडे मंडळापुढे येतच असतात. तीन वर्षांत म्हणजे बारा वेळा. प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच असतो: याच गतीने गेलो तर गंगाजळी कधी संपते? विश्वस्तांना उत्तर नसलं तरी चालेल, पण एवढा प्रश्न विचारायला लेखापाल असावं लागत नाही. तो भर सभेत विचारला गेला असता तर प्राध्यापक, विद्यार्थी, शहर, सगळ्यांना मिळून कुठे काटकसर करायची आणि कुठे कर मागायचा हे ठरवता आलं असतं. लोक कर द्यायला तयार होते, याचा पुरावा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, कॉलेजवर सगळीकडून टीका चालू असताना, शहराने दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी दर मालमत्तेमागे वर्षाला ७९ डॉलरचा कर आठ वर्षांसाठी मान्य केला. पण तोवर बाहेरचा परीक्षक दारात येऊन बसला होता.

हा परीक्षक म्हणजे कॉलेजांना अधिस्वीकृती देणारा आयोग. आपल्या नॅकसारखा, पण एक मोठा फरक आहे. नॅकची श्रेणी घसरली तर संस्थेची लाज जाते, अनुदानाला अडचण येते. तिथे अधिस्वीकृती गेली की सरकारी पैसा थांबतो, विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत थांबते, कॉलेज बंद पडायची वेळ येते. आयोगाने २००६ च्या पाहणीतच दोष दाखवले होते आणि त्यांतले बरेच सहा वर्षांनीही तसेच होते. जुलै २०१२ मध्ये आयोगाने १४ शिफारशी हातात ठेवून कारणे दाखवा अशी नोटीस दिली. पुढच्या जुलैत त्याने जाहीर केलं, की ३१ जुलै २०१४ रोजी अधिस्वीकृती संपेल. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने विश्वस्तांचे अधिकार काढले.

इथवर ऐकून आयोगाचं बरोबर होतं असं वाटेल. पण देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानेच आयोगाच्या कामात नियमभंग दाखवला. आयोगाच्या अध्यक्षांचे पतीच पाहणी पथकात होते आणि पथकात शिकवणारी माणसं फार थोडी होती. त्याच महिन्यात शहराच्या वकिलांनी आयोगाविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने मान्यता काढायला मनाई केली आणि २०१५ च्या निकालात आयोगाने कायदा मोडल्याचं ठरवलं. आयोगाने नवे दोष पुढे आणले होते आणि त्यांना उत्तर द्यायची नीट संधी कॉलेजला दिली नव्हती.

आणि अधिकार हाती आलेल्या त्या एका विशेष विश्वस्ताचं काय? कारभार भराभर चालला, हे खरं. पण निवडलेल्या मंडळाच्या जाहीर सभा थांबल्या. ज्या माईकसमोर उभं राहून विद्यार्थी बोलत होता तो माईकच राहिला नाही, आणि विद्यार्थी मोर्चे घेऊन आवारात उतरले. मला ही गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त लागते. हिशोब दुरुस्त करायला लोकांचं तोंड बंद करावं लागतं, असा समज त्यातून पसरतो. तो खोटा आहे.

विश्वस्तांना त्यांचे अधिकार २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने परत मिळाले आणि जानेवारी २०१७ मध्ये पुढच्या सात वर्षांची अधिस्वीकृतीही मिळाली. पण कॉलेज बंद होणार ही बातमी एकदा घरोघरी गेल्यावर विद्यार्थी थांबत नाही. दिवसा राबून रात्री शिकणाऱ्याने वाया जाऊ शकणाऱ्या दाखल्यासाठी दोन वर्षं का घालवावीत? पटसंख्या चौथाईहून जास्त घटली. अनुदान पटसंख्येवर अवलंबून, म्हणजे पुन्हा पैशाची ओढ. २०१७ पासून शहराने आपल्या रहिवाशांची फी माफ केली, तरी जुनी गर्दी परतली नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची गोष्ट याहून कडू आहे. तिथे एका माजी विश्वस्तालाच सार्वजनिक पैशाच्या अपहाराबद्दल शिक्षा झाली. २००६ मध्ये त्या कॉलेजची मान्यता गेली आणि शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजने वर्ग आपल्या नावाखाली चालवले. स्वतःची मान्यता परत मिळायला २०१७ उजाडलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कष्टकऱ्यांच्या त्या वस्तीला आपल्या नावाच्या कॉलेजसाठी अकरा वर्षं थांबावं लागलं.

प्रश्न न विचारणं हा एक दोष, तसा प्रमुखाच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसणं हाही दोषच. सिटी कॉलेजने पुढे तेही पाहिलं. मे २०२२ मध्ये तूट भरून काढण्यासाठी ३८ पूर्णवेळ प्राध्यापक कमी केले गेले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी तीन विद्यमान विश्वस्तांना घरी बसवलं आणि नव्या मंडळाच्या काळात प्राध्यापकांना परत घेतलं गेलं. लोकांनी आपला राग मतपेटीतून दाखवला, हे मला निरोगी वाटतं. पण जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने पुन्हा इशारा दिला, आणि या वेळी बोट खुद्द मंडळाच्या वागण्याकडेही होतं. दूरच्या आर्थिक नियोजनाकडे दुर्लक्ष आणि प्रमुखाच्या कामाच्या व मंडळाच्या कामाच्या हद्दी न पाळणं, असे ते आक्षेप होते.

आपल्याकडे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयाला विकास समिती दिली आहे. व्यवस्थापनाचे पदाधिकारी, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, गावातली मंडळी, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असे सगळे तिच्यावर असतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. कागदावर ही समिती उत्तम आहे. तुमच्यापैकी जे अशा समितीवर आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. मागच्या वर्षातल्या बैठकांची इतिवृत्तं काढून वाचा. त्यांत मंजूर ठरावांखेरीज कोणी काय विचारलं आणि प्राचार्यांनी किंवा सचिवांनी त्याला काय उत्तर दिलं, याची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या बैठकीत जमाखर्चाचा विषय शेवटी न ठेवता आधी घ्यायला सांगा, तिमाहीचे आकडे आठवडाभर आधी मागून घ्या, आणि आपला प्रश्न उत्तरासकट इतिवृत्तात लिहून घ्या.